मुकादम, उचल आणि कामाची उमेद

(घाटनांदूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घाटनांदूर हे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले, परळी-विकाराबाद लोहमार्गावरचे गाव. या परिसरात कष्टकऱ्यांच्या दोन टोळ्या दृष्टीस पडतात. एक टोळी रेल्वेची. उन्हातान्हात रुळांची देखभाल करणारी माणसे या टोळीत असतात. दुसरी टोळी ऊसतोडीची. दसरा-दिवाळी उलटली की ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पीठ-मीठ, लहान मुले आणि शेळ्या-कोंबड्यांसह ती सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडे, नाहीतर सीमेपलीकडे बेळगावकडे निघते आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावरच परतते.

दोन्ही टोळ्यांचे काम अंगमेहनतीचे आहे आणि दोन्हींवर देखरेख करणारा माणूस असतो. रेल्वेच्या टोळीवर मेट, ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम. बहुधा दोघेही स्वतः हेच काम करीत वर आलेले असतात. दोघेही पहाटे माणसांना उठवतात, प्रसंगी रागावतात, प्रसंगी सांभाळूनही घेतात. तरीही एका टोळीतील माणूस आपल्या मुलाला त्याच नोकरीत चिकटवण्यासाठी धडपडतो, तर दुसऱ्या टोळीतील माणूस आपल्या मुलाच्या हाती कोयता येऊ नये म्हणून नवस बोलतो. असे का व्हावे? मेट स्वभावाने गोड आणि मुकादम स्वभावाने कडू, हे त्याचे उत्तर खासच नाही. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. कामगाराच्या मनात कामाची उमेद उत्पन्न करण्यात किंवा ती मारण्यात देखरेख करणाऱ्याचा वाटा किती, आणि त्या देखरेख करणाऱ्याला जी व्यवस्था उभी करते तिचा वाटा किती?

व्यवस्थापनशास्त्राचे म्हणणे

हा प्रश्न भांडवलशाही देशांतील व्यवस्थापनशास्त्राने शंभराहून अधिक वर्षे हाताळला आहे. त्याची उत्तरे समाजवादी कार्यकर्त्याने हेटाळणीने बाजूस सारू नयेत. ती तपासून घ्यावीत.

पहिले उत्तर अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याचे. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने बेथलहेम पोलाद कारखान्यातील एका मजुराची हकिकत दिली आहे. हा मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहत असे. कधी उचलायचे, कधी थांबायचे, कधी बसायचे हे त्याला साहेबाने पावलोपावली सांगितले आणि मजुरी १ डॉलर १५ सेंटवरून १ डॉलर ८५ सेंट केली. तेव्हा तोच मजूर साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. काम जवळजवळ चौपट झाले आणि मजुरी साठ टक्क्यांनी वाढली. टेलरच्या मते प्रेरणेचे गणित इतके सरळ होते. विचार साहेबाने करावा, अंग मजुराने मोडावे आणि दोघांनी चार पैसे अधिक मिळवावेत!

दुसरे उत्तर शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातील प्रयोगांतून निघाले. हे प्रयोग १९२४ ते १९३२ या काळात चालले. दिव्यांचा उजेड वाढवला तरी उत्पादन वाढले आणि कमी केला तरी ते फारसे घटले नाही. पुढे एका खोलीत काही कामगार मुलींना वेगळे बसवून त्यांच्या विश्रांतीच्या वेळा बदलून पाहण्यात आल्या. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, आपल्याला विचारले जात आहे, या जाणिवेनेच काम सुधारते, असा बोध त्यावरून सर्वत्र सांगितला गेला. परंतु याच प्रयोगात फार बोलतात आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवल्या गेल्या, ही गोष्ट तितक्या आवडीने सांगितली जात नाही. त्याच कारखान्यातील पुरुषांच्या एका गटाने आपण दिवसाकाठी किती काम करायचे याची मर्यादा आपसांत ठरवून टाकली होती. फार काम केले तर दर कापला जाईल किंवा कोणाची तरी नोकरी जाईल, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मंदी आली तेव्हा त्या कारखान्यातील माणसे खरोखरच घरी बसली.

तिसरे उत्तर आपल्या देशातले आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षेइतके उत्पादन निघेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहणी केली. तेव्हा असे दिसले की एकाच खात्यातील कामाचे बारा तुकडे केले होते, प्रत्येक कामगार कोणत्यातरी एका तुकड्यापुरता होता आणि कोणाचा कोणाशी संबंध नव्हता. राइस यांनी लहान गटांची कल्पना मांडली. ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एका गटाची, आणि गटाचा म्होरक्या गटातलाच. कल्पना मांडताच कामगारांनी आणि जॉबरांनी स्वतः बसून आपापले गट जुळवले. उत्पादन वाढले आणि कापडाचे नुकसान घटले. १९७० च्या सुमारास पुन्हा पाहणी झाली, तेव्हा काही ठिकाणी ही पद्धत टिकून होती आणि काही ठिकाणी काम जुन्या वळणावर गेले होते.

या तीन उत्तरांत तिसरे अर्थातच अधिक सभ्य आहे. माणसाला विश्वासात घ्यावे, त्याला कामाचा आरंभ आणि शेवट दिसावा, आपल्या सोबत्यांशी विचारविनिमय करून काम आखण्याची मुभा असावी, हे समाजवादाला परके नाही. समाजवाद्यांनी ते आधीपासून सांगितले आहे. परंतु या तिन्ही उत्तरांच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, आणि कार्यकर्त्यांनी तेच ध्यानात घेतले पाहिजे. बेथलहेमचा मजूर संध्याकाळी मजुरी खिशात घालून घरी जात होता. हॉथॉर्नच्या मुली नोकरी सोडू शकत होत्या. अहमदाबादच्या विणकऱ्यामागे १९२० पासूनची मजूर महाजनाची संघटना उभी होती. कामगाराला ‘नाही’ म्हणता येते, हे व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकाचे न छापलेले पहिले पान आहे. ते पान फाडून टाकले तर पुढच्या पानांवरचे सारे निष्कर्ष निरर्थक होतात. ज्याला काम सोडून जाता येत नाही त्याच्या श्रमाला प्रेरणेचे माप लावता येत नाही. तो जे काम करतो त्याला दुसरे नाव शोधावे लागते.

मुकादम नावाचा व्यवस्थापक

आता ऊसतोडीच्या टोळीकडे वळू. तेथे कामाचे एकक माणूस नाही, कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस अर्धा कोयता. हंगामाच्या आधी, पावसाळ्यात किंवा त्याच्याही अगोदर, मुकादम या कोयत्यांना उचल देतो. ती रक्कम कारखान्याकडून वाहतूकदारामार्फत मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कुटुंबाकडे येते. कुटुंब ती ऊस तोडण्यासाठी घेत नाही. मुलीचे लग्न असते, दवाखाना असतो, बियाणे-खताची उधारी असते, मागच्या हंगामाची न फिटलेली बाकी असते. मग सहा महिने ऊस तोडून ती उचल टनावारी फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढच्या वर्षी कोणाच्या टोळीत जायचे हेही त्याबरोबर ठरून जाते.

या व्यवस्थेतील मुकादम हा खऱ्या अर्थाने व्यवस्थापक आहे. माणसे निवडणे, त्यांना फडावर पोहोचवणे, कामाची विभागणी करणे, हिशेब ठेवणे, भांडणे मिटवणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, हे सारे तोच करतो. तरीही तो कारखान्याचा नोकर नाही. टोळीने तोडलेल्या उसाच्या मजुरीवर त्याला टक्केवारीने कमिशन मिळते. म्हणजे त्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या घामाशी टनाटनाने बांधलेले आहे. शिवाय उचलीची जबाबदारी त्याच्या डोक्यावर असते. टोळीतून दोन कोयते रातोरात पळाले तर ती रक्कम त्याच्या शेतावर, त्याच्या घरावर येते. कित्येक मुकादम यातून धुळीस मिळाले आहेत. मुकादमाला खलनायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तो बहुधा त्याच तांड्यावरचा, त्याच वस्तीवरचा, कित्येकदा भावकीतला असतो. लोक त्याला ‘दादा’ म्हणतात ते केवळ भीतीने म्हणत नाहीत. पण हीच आपुलकी या व्यवस्थेचे तारण झाली आहे. ज्याने लग्नाला पैसे दिले त्याला फडावर ‘आज अंगात ताप आहे’ असे कसे सांगायचे? नात्याचा उपयोग वसुलीसाठी होतो, आणि वसुलीच्या धाकाने नाते कुजते.

शिकलेले लोक म्हणतात, टनावारी दर असल्यावर प्रेरणा आपोआप येते, जितके तोडाल तितके मिळेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे विधान तपासले पाहिजे. मोबदला माणसाला प्रवृत्त करतो तो तीन अटींवर. तो दिसला पाहिजे, तो जवळ असला पाहिजे आणि तो आपला असला पाहिजे. ऊसतोडणी कामगाराच्या बाबतीत तिन्ही अटी मोडलेल्या आहेत. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते. तेथे तोडणारा हजर नसतो, म्हणून मोबदला दिसत नाही. मोबदला आधीच, गेल्या उन्हाळ्यात, खर्च झालेला आहे, म्हणून तो जवळ नाही. दिवसाचा दीड-दोन टन ऊस तोडून जो आकडा होतो तो मुकादमाच्या वहीत वजाबाकीच्या बाजूला लिहिला जातो, म्हणून तो आपला वाटत नाही. माणूस कमाईसाठी राबत नाही, बाकी कमी करण्यासाठी राबतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातील ऊस उत्पादक शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. आपला ऊस वेळेवर आणि नीट तुटावा म्हणून तो टोळीला वरून ‘खुशाली’ देतो, आणि द्यावी लागते म्हणून चिडतोही. ही मागणी शेतकऱ्यावर अन्यायच करते. पण तिचा अर्थ काय? अधिकृत दराने कामाची उमेद निर्माण होत नाही, हाच. हातात पडणारी थोडीशी रोख रक्कम जे काम करते ते वहीतली हजारोंची उचल करीत नाही.

व्यवस्थापनाचा दुसरा दोष याहून मोठा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. गाड्यांचे नियोजन कारखान्याचे असते. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली की रिकामी गाडी फडावर उशिरा येते. ती रात्री अकराला आली तर अकराला, पहाटे तीनला आली तर तीनला टोळीने उठून मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. वाट पाहण्याचे तास कोणत्याही हिशेबात नसतात. रेल्वेच्या मेटाने आपल्या माणसांना बिनकामाचे सहा तास रुळाकडेला बसवून ठेवले तर तेही कामाचेच तास धरले जातील. येथे मात्र नियोजनाची चूक कार्यालयात होते आणि तिची भरपाई कोपीत झोपलेल्या बाईच्या झोपेतून केली जाते. ज्याच्या चुकीची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागत नाही तो व्यवस्थापक सुधारत नाही. मग त्याने प्रेरणाशास्त्राची कितीही शिबिरे केलेली असोत.

खाडा

या व्यवस्थेत धाकाचे साधन म्हणजे खाडा. कोयत्यातील एकजण आजारी पडला किंवा कामावर येऊ शकला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही लागतो. याची तुलना कायद्याशी करून पाहावी. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने ठरवून दिले की एखादा कामगार गैरहजर राहिला तर गैरहजेरीच्या प्रमाणातच वेतन कापता येईल, त्याहून अधिक नाही. दंड आकारायचा तर तो वेतनाच्या तीन टक्क्यांपलीकडे जाता कामा नये, आधी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि दंडाची रक्कम कामगारांच्याच हिताच्या कामी लावली पाहिजे. हीच तत्त्वे पुढे २०१९ च्या वेतन संहितेतही कायम राहिली. म्हणजे इंग्रजी अमदानीत गिरणीच्या मालकाला जे करण्यास मनाई झाली, ते स्वतंत्र भारतातल्या सहकारी साखरेच्या फडावर आजही बिनबोभाट घडते.

खाड्याचा घाव सर्वांत खोल बसला तो स्त्रीवर. कोयत्यातील अर्धे काम तिचे. खरे तर अर्ध्याहून अधिक, कारण फडावर जाण्याआधीची भाकरी, पाणी, मुले आणि परतल्यानंतरची चूल हिशेबात नाही. तरी तिच्या नावावर उचल नाही, वहीत तिचे नाव नाही, मजुरी तिच्या हातात नाही. तिच्या प्रेरणेचा विचार कोणत्याही व्यवस्थापकाने केल्याचे ऐकिवात नाही, कारण ती कामगार म्हणून मोजलीच जात नाही. मोजला जातो तो तिचा खाडा. पाळी, गर्भारपण, बाळंतपण हे सारे या व्यवस्थेच्या लेखी खाडे आहेत.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. याची कारणे एकच नाहीत. अल्पवयात झालेली लग्ने आहेत, फडावर पाणी आणि शौचालय नसणे आहे, डोक्यावरची ओझी आहेत, कर्करोगाची भीती घालून पैसे उकळणारी वैद्यकीय वृत्ती आहे. पण या सर्वांच्या मुळाशी एक साधा हिशेब उभा आहे. आजारपणाचा प्रत्येक दिवस दंडाचा दिवस असेल, तर ज्या अवयवामुळे तो दिवस येतो तोच नको, असे बाईच्या मनात येऊ लागते. व्यवस्थापनाचा कामगाराच्या मनावर प्रभाव किती पडतो असे विचारणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. तो प्रभाव मनापाशीच थांबत नाही, शरीरापर्यंत पोहोचतो.

जॉबर गेला, मुकादम का राहिला?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. मुकादम नसेल तर शेकडो खेड्यांतून माणसे आणणार कोण? उचल नसेल तर पावसाळ्यात कुटुंब जगणार कसे? आक्षेप रास्त आहे. मुकादमावर नुसता राग काढून भागणार नाही, त्याची जागा घेणारी व्यवस्था दाखवली पाहिजे. सुदैवाने महाराष्ट्राच्याच इतिहासात तसे दाखले आहेत.

मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर होता. गावाकडून माणसे आणणे, रोजच्या रोज बदली कामगार निवडणे, खात्यात काम करून घेणे हे त्याच्या हाती होते. कामगाराला कामावर लागण्यासाठी आणि टिकण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात ही गोष्ट स्पष्ट नोंदवली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली. १९३५ पासून बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत आली, पुढे संघटना बळावल्या, स्थायी आदेश आले. जॉबर लगेच नाहीसा झाला नाही, परंतु त्याच्या हातातले लगाम एकेक करून सुटत गेले. तो काम करून घेणारा राहिला, माणसाच्या भाकरीचा धनी राहिला नाही. जॉबरचा स्वभाव बदलला म्हणून हे घडले नाही. त्याचे अधिकार बदलले म्हणून त्याला स्वभाव बदलावा लागला.

दुसरा दाखला माथाडी कामगारांचा. हमाली हे काम ऊसतोडीइतकेच विखुरलेले, टोळीने करायचे आणि टनावारीचे. मुंबईच्या बाजारपेठेत अण्णासाहेब पाटील यांनी आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ज्या माणसांना संघटित केले, त्यांचाही मालक एक नव्हता. १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर तोड काढली. मालकांनी आणि कामगारांनी मंडळाकडे नोंद करायची, मजुरी मालकाने मंडळाकडे भरायची, तिच्यावर ठरावीक लेव्ही द्यायची आणि मंडळाने मजुरी कामगाराला देऊन लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा यांची तरतूद करायची. टोळी राहिली, टोळीचा म्होरक्याही राहिला. पण पैसा त्याच्या हातून गेला. आजही या मंडळांत दोष नाहीत असे नाही, गैरप्रकारांच्या तक्रारीही आहेत. तरी हमाल मंडळाच्या खिडकीवर आपल्या खात्यात किती जमा आहे असे विचारू शकतो. ऊसतोडणी कामगाराला असा प्रश्न विचारायला खिडकीच नाही.

मग ऊसतोडीत हे का झाले नाही? याचे उत्तर अप्रिय आहे. महाराष्ट्रातील साखर उद्योग बहुतांशी सहकारातून उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील यांची चिकाटी आणि धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून प्रवरानगरचा कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, तेव्हा समाजवाद्यांनाही त्यात नव्या समाजाची चाहूल लागली होती आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती. परंतु त्या सहकारात ऊस पिकवणारा सभासद झाला, ऊस तोडणारा झाला नाही. ज्याला मत नाही त्याची आठवण संचालक मंडळाला होत नाही. तोडणी ही कारखान्याच्या कक्षेबाहेरची बाब म्हणून वाहतूकदार आणि मुकादम यांच्या हवाली केली गेली. कंत्राटी कामगारांसाठी १९७० चा, स्थलांतरितांसाठी १९७९ चा कायदा झाला. आता ते २०२० च्या संहितेत सामावून २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली आहे. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्याने बंद झाली. कायद्यांची वाण कधीच नव्हती. ‘याचा मालक कोण?’ या प्रश्नाला कारखान्याने ‘आम्ही’ असे उत्तर देणे तेवढे बाकी राहिले.

चळवळीपुढील काम

ऊसतोडणी कामगारांचे संप अनेकदा झाले आणि दरवाढीही मिळाल्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती संघर्षाने मिळाली आहे, तिचे मोल कमी लेखू नये. पण त्याच वेळी मुकादमाच्या कमिशनमध्येही एक टक्क्याची वाढ झाली, हे कार्यकर्त्यांनी नजरेआड करू नये. दर वाढतो, दराबरोबर उचल वाढते, उचलीबरोबर बांधिलकी वाढते आणि व्यवस्था जागच्या जागी राहते. दरवाढीची मागणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. मागणीचा रोख मजुरीच्या आकड्याइतकाच मजुरीच्या वाटेवर असला पाहिजे.

त्या दृष्टीने चार गोष्टींचा आग्रह धरता येईल. पहिली, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रतिटन १० रुपये घेण्याचे आणि तेवढीच रक्कम शासनाने घालण्याचे ठरले. या महामंडळाने वसतिगृहे आणि मदत यांवर न थांबता माथाडी मंडळाप्रमाणे नोंदणी आणि मजुरीवाटपही हाती घ्यावे. दुसरी, कोयत्यातील स्त्री आणि पुरुष यांची नोंद स्वतंत्र असावी आणि मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यात जावी. तिसरी, खाड्याचा दंड पूर्णपणे बंद व्हावा. आजारपण आणि बाळंतपण यांच्या रजेचा भार कारखान्याने लेव्हीतून उचलावा. चौथी, उचल ज्या महिन्यांत वाटली जाते त्या महिन्यांत गावात काम आणि स्वस्त कर्ज मिळावे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी याच महाराष्ट्राने उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला. तिचे खरे मोल खडी फोडण्यात नव्हते. ज्याला गावात काम मिळते त्याला मुकादमाशी घासाघीस करता येते, हे तिचे मोल होते. ‘नाही’ म्हणण्याची ताकद गावातच तयार करावी लागते. ती फडावर मिळत नाही.

यापैकी काही कामे शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता सुरू करता येतील. टोळी निघण्याआधी प्रत्येक कोयत्याच्या उचलीची नोंद दोन प्रतींत करून एक प्रत घरात ठेवण्याची सवय लावता येईल. टोळीतील एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने रोजच्या खेपांचे वजन टिपून ठेवावे, एवढे शिकवता येईल. मुकादमांनाही या कामात शत्रू न मानता बोलावले पाहिजे. उचलीच्या जोखमीतून सुटका त्यांनाही हवी आहे. टोळीप्रमुख म्हणून ठरावीक वेतन मिळाले तर त्यांतील कित्येकजण आनंदाने दुसऱ्याच्या कर्जाचा जामीन होणे सोडतील.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. समाजवादी कार्यकर्ते स्वतः संस्था चालवतात. शाळा, पतपेढ्या, वसतिगृहे, युनियनची कार्यालये चालवतात. तेथील शिपाई, कारकून, स्वयंपाकीण यांना महिनोन्महिने पगाराची वाट पाहायला लावून वर ध्येयवादाचे व्याख्यान ऐकवले जात असेल, तर मुकादमाच्या आणि आपल्या वागण्यात फरक किती? ध्येयवाद हीसुद्धा उचल होऊ शकते. ज्याने ती घेतली त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या फडावरील अन्याय दाखवण्याआधी आपल्या वहीतील थकबाकी चुकती करणे हा चळवळीचा पहिला नियम असला पाहिजे.

घाटनांदूर ज्या अंबाजोगाई तालुक्यात येते, त्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी मुख्याध्यापक म्हणून काम केले. त्याआधी ते ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत वावरले होते. शाळा आणि कामगार हे दोन विषय त्यांना वेगळे वाटले नाहीत. आज या भागातील कित्येक मुले दिवाळीनंतर शाळेच्या पटावर असतात आणि वर्गात नसतात. त्यांचे आईबाप कोणाच्या तरी हाताखाली काम करीतच राहणार आहेत आणि कोणीतरी त्यांच्याकडून काम करून घेतच राहणार आहे. प्रश्न एवढाच आहे की काम करून घेणारा माणूस रुळावरच्या मेटासारखा असावा, ज्याच्यापाशी कामाचा हिशेब मागता येतो, की फडावरच्या मुकादमासारखा, ज्याच्यापाशी कर्जाचा हिशेब द्यावा लागतो. पहिल्या प्रकारचा माणूस चांगला निघाला तर कामगाराची उमेद वाढेल आणि वाईट निघाला तर त्याच्याविरुद्ध तक्रार करता येईल. दुसऱ्या प्रकारचा माणूस देवासारखा असला तरी त्याच्या हाताखालचे माणूस मोकळे नसेल.

पुढच्या हंगामाच्या टोळ्या निघण्यापूर्वी या परिसरातील प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान पाच कोयत्यांच्या उचलीची नोंद करून ठेवली, आणि पट्टा पडल्यावर त्याच पाच घरी जाऊन हिशेब तपासला, तर या अभ्यासवर्गाचे चीज झाले असे म्हणता येईल.